लाल रेघेच्या पुढं

शकुबाईच्या फोनमधला डॉक्टर नेहमी मधूनच बोलायला लागायचा.

म्हणजे बघा, माणूस घरात आला की आधी रामराम घालतो, तांब्याभर पाणी पितो, मग विषयाला हात घालतो. ह्या बाबाचं तसं काही नाही. बोटानं दाबलं की लगेच, "...आणि म्हणूनच मैत्रिणींनो, अशा वेळी अंगावर काढू नका." कशा वेळी? काय अंगावर काढू नका? ते आधीचं सगळं गुलदस्त्यात. शकुबाई म्हणायची, "शिकल्याली माणसं हायती, त्यास्नी येळ नसतोय. मुद्द्याचंच बोलत्यात." आणि भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून ती मुद्द्याचं तेवढं ऐकायची.

दुसरी गंमत रेघेची. काही व्हिडिओंच्या चित्राखाली एक बारीक लाल रेघ असायची. कुठं अर्ध्यापर्यंत, कुठं पार कडेपर्यंत. शकुबाई सातवीपर्यंत शिकलेली. शाळेत गुरुजी महत्त्वाच्या ओळीखाली लाल पेन्सिलनं रेघ मारायला लावायचे, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तेव्हा फोननं रेघ मारली म्हणजे ते आपल्यासाठी महत्त्वाचं, असं तिनं ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारायची तिला सवयच नव्हती. तिची सवय सांगायची.

शेळगावच्या शिवारात, गावापासून आत, उसाच्या मधोमध त्यांची वस्ती. नवरा मानसिंग, त्यानं बोलायचं काम लग्नातच बायकोवर सोपवून दिलेलं. मुलगा दीपक लोणी देवकरला कंपनीत कामाला. सून स्वरूपा, माहेर बारामतीचं. आणि तिचं रांगतं बाळ, ऋषिराज. ह्या बाळाचा जन्मही बारामतीलाच, पोट चिरून झालेला. टाके काढताना तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं की आता पुढचं मूल सावकाशीनं, मधे चांगलं अंतर ठेवा. दीपकनं मान हलवली होती, स्वरूपानंही हलवली होती.

फोन दोन. सासूला एक, सुनेला एक. गेल्याच्या गेल्या दिवाळीत इंदापूरच्या दुकानातून एकदमच आणले. दुकानवाला ऋतिक म्हणाला, "काकू, दोन फोनला दोन खाती काढू. तुमचं येगळं, वहिनींचं येगळं." शकुबाई तिथंच कडाडली. "येगळं? आमच्यात येगळं काय नसतंय बाबा. घर एक, चूल एक, खातं बी एकच घाल." ऋतिक समजावायला गेला, पण त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची ही गर्दी आणि समोर शकुबाई. त्यानं गप एकच खातं दोन्हीत घालून दिलं. घरी येऊन तिनं ती गोष्ट चार जणींना तिखटमीठ लावून सांगितली. मोबाईलवाला घर फोडाय निघाला हुता, म्या फोडू दिलं न्हाय.

तिला कळायला फार उशीर झाला, पण ऐकणाऱ्यानं तरी आत्ताच ऐकून ठेवावं. खातं एक असलं की एकीनं आपल्या फोनवर जे बघितलं त्याची सावली दुसरीच्या फोनवर पडते. हे ना सासूला माहीत होतं, ना सुनेला. सुनेला माहीत असतं तर तिनं आपला फोन विहिरीत टाकला असता.

कारण स्वरूपाला पुन्हा दिवस गेले होते, आणि घरात ते कुणाला, म्हणजे शकुबाईला, कळता कामा नये होतं.

आता सासू काही वाईट नव्हती. उगाच कशाला खोटं बोला. बाळंतिणीला डिंकाचे लाडू तिनंच वळले, शेक-शेगडी तिनंच केली, बाळाला न्हाऊमाखू घालायला कुणाला हात लावू दिला नाही. पण तिचं तोंड! शेजारच्या वस्तीवर सारजा राहते. तिच्या सासऱ्याच्या काळात मेंढरं होती, आता शेती आहे आणि दारात एक पिकअप. त्या सारजाला पहिलं पोर पाळण्यात असतानाच दुसरं राहिलं. बचत गटाच्या बैठकीला ती अवघडून आली, तर शकुबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "अगं सारजे, पाळण्याची दोरी तरी गार होऊ द्यायची! काय घाई झाली हुती तुमास्नी?" बायका पोट धरधरून हसल्या. सारजा तांबडीलाल झाली, उठली, आणि चहा न पिताच निघून गेली. तेव्हापासून दोन्ही वस्त्यांचं बोलणं बंद. त्या बैठकीत स्वरूपाही होती, मांडीवर ऋषिराजला घेऊन बसलेली. सगळ्यांबरोबर तीही हसली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला स्वतःची शंका आली.

दीपकला तिनं सांगितलं. तो घाबरला, पण आईला सांगू असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. "आईला कळलं तर गावभर करंल," एवढंच म्हणाला. मग कुणाकडून तरी ओळख काढून त्यानं गर्भ पाडायच्या गोळ्या आणल्या. चिठ्ठी नाही, तपासणी नाही, सोनोग्राफी नाही. बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे जायचं तर सासूला कारण काय सांगायचं? त्यापेक्षा गोळ्या बऱ्या. कशा घ्यायच्या ते फोन सांगेलच की. हल्ली सगळं फोनच सांगतो.

तर सून इकडं चुलीपाशी, माजघरात, न्हाणीत फोनला विचारत होती, आणि तिकडं ओसरीवर सासूच्या फोनमध्ये उत्तरं उगवत होती.

आणि नशिबाचा खेळ असा की ती उत्तरं सासूला लागूही पडत होती. शकुबाईचं वय पन्नाशीला टेकलेलं. गेले काही महिने तिची पाळी येत नव्हती. अंगातून वाफा निघायच्या, झोप लागायची नाही, धारा काढून काढून उजवा खांदा धरलेला. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्याचं चव्हाट्यावर मांडणारी बाई स्वतःचं मात्र लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवायची. अशात एके दिवशी फोन उघडला, तर समोर व्हिडिओ: पाळी चुकली आहे का? खाली लाल रेघ. शकुबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि फोन पदराआड घेतला.

"...तर हे घरगुती उपाय काहींना बरे वाटतात," आतली बाई मधूनच बोलायला लागली. ओवा, तीळ, गूळ. शकुबाईला भरून आलं. नवऱ्याला कळलं नाही, लेकाला कळलं नाही, आणि ह्या एवढ्याशा डबीला कळलं!

तिनं काढा करायला घेतला. ओवा-तिळाचा दाट काढा, गूळ घालून, पितळेच्या पातेल्यात. सकाळी एक फुलपात्र प्यायची, उरलेला झाकून ठेवायची. संध्याकाळी बघते तर पातेलं रिकामं. तिला वाटलं, मानसिंगच गुळाच्या आशेनं पीत असणार. "तुमचं बी बंद झालंय का काय?" म्हणून तिनं त्याला झापलं. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या स्वरूपाची मान तेवढी खाली गेली.

मग एक दिवस स्वरूपानं डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे वेगळे धुतले. शकुबाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. "आली व्हय गं? बरं झालं बाई. बाळतपणानंतर येळंवर आल्याली बरी," ती म्हणाली. स्वरूपा म्हणाली, "व्हय आत्या." गोळ्यांनी थोडं अंगावर गेलं होतं. संपलं, सुटलो, असं तिला वाटलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

पण ते थांबेना. थोडं थोडं चालूच. आणि ओटीपोटात एका बाजूला कळ.

शकुबाईचा फोन आता वेगळंच बोलायला लागला. "...गोळ्या घेतल्यानंतर रक्तस्राव किती दिवस राहतो..." गोळ्या? कसल्या गोळ्या? तिनं तर साधी डोकेदुखीचीही घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी, "...चक्कर येत असेल तर..." तिसऱ्यात एक टक्कल पडलेला डॉक्टर, "...एका बाजूला दुखणं हे साधं समजू नका." प्रत्येकाखाली लाल रेघ. आजवर फोननं तिला जे झालंय तेच सांगितलं होतं. आता तो जे झालेलं नाही ते सांगतोय. म्हणजे ते व्हायचंय? ती रात्री पोट चाचपून बघायची. इथं दुखतंय का? तिथं? दुखत नव्हतं तरी थोडं दुखल्यासारखं वाटायचं. जेवण जाईना. मानसिंगला म्हणाली, "माझं काय खरं न्हाय वाटतं." तो म्हणाला, "तुला काय हुतंय?" आणि कुशीवर वळला.

स्वरूपाच्या तोंडावरचा रंग उडाला होता तो तिला दिसला नाही असं नाही. दिसला. "दूध पाजून पाजून वाळलीस बघ, जरा खात जा," असं म्हणून तिनं सुनेच्या ताटात एक भाकरी जास्त वाढली. ते प्रेमानंच वाढलं. पण तिचं सगळं लक्ष स्वतःच्या मरणाकडं लागलेलं होतं, त्याला काय करणार!

एकदा भाजी निवडताना स्वरूपानं विचारलं, "आत्या, फोनमधलं डॉक्टर खरं सांगत्यात का वो?"

"आगं डॉक्टर म्हणल्यावर खरंच सांगणार की."

"मग लगीच दवाखान्यात जावा म्हणत्यात, ते बी खरं असतंय?"

शकुबाईनं फोन पदराखाली सरकवला. पोरीनं आपला फोन बघितला की काय! आपलं दुखणं हिला कळलं! "तुला कशाला नसत्या चौकश्या?" ती खेकसली. "गप मेथी निवड." स्वरूपा मेथी निवडत राहिली. तोंडाशी आलेलं तिनं परत गिळलं.

शेवटी शकुबाईनं ठरवलं, फोनच दाखवून आणायचा. डॉक्टरला नव्हे, ऋतिकला. फोन बिघडला असेल तर तो नीट करेल, आणि बिघडला नसेल तर... पुढचा विचार तिनं केला नाही. बाजाराच्या दिवशी सकाळी ती इंदापूरला निघाली. दीपक पहाटेच शिफ्टला गेलेला. कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात, त्यामुळं सुट्टी होईपर्यंत तो असून नसल्यासारखा. मानसिंग उसाच्या ट्रॉलीबरोबर कारखान्यावर.

स्वरूपा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एक हात चौकटीवर, दुसरा हात उलट्या खांद्यावर, चोळत.

"आत्या, आज नका ना जाऊ. उद्या जावा."

"का गं?"

"न्हाय... असंच. बाळ किरकिर करतंय."

"मग घ्यायचं जरा कडंवर. मला काय हौस हाय व्हय बाजाराची?" शकुबाईनं पिशवी काखेला मारली. मग मागं वळून म्हणाली, "खांदा दुखतुय व्हय तुझा? माझा बी दुखतुय. आल्यावर तेल कोमट करून चोळू दोघींचं." सुनेनं मान हलवली. हसली सुद्धा. शकुबाई उसामधल्या वाटेनं चालू लागली, आणि वळणावर पोचेपर्यंत तिला बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

इंदापुरात आधी तिनं बाजार केला. वांगी घेतली, लसूण घेतला, बाळाला खुळखुळा घेतला. भीतीच्या ठिकाणी माणूस शेवटी जातो. मग दुकानात शिरली आणि फोन काचेवर आपटला.

"हे बघ बाबा काय करून ठिवलंय. ह्यो डॉक्टर मधनंच बोलतुय. मी गोळ्या घेतल्यात म्हणतुय, मला चक्कर येतिया म्हणतुय. लाल रेघा मारून मारून मला भ्या दावतुय. काय हाय हे?"

ऋतिक हसत हसत फोन हातात घेऊन बघायला लागला. बोटानं पडदा वर सरकवत गेला आणि हळूहळू त्याचं हसू मावळलं. कान लाल झाले. त्याच्यासारख्या तरण्या माणसानं काकूंच्या फोनमध्ये बघावं असं ते नव्हतंच.

"काकू, रेघ म्हंजे तेवढं बघून झालंय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "जितं रेघ थांबली, तितं बघणाऱ्यानं बंद केलं. तुमी दाबलं की तितनं पुढं सुरू हुतंय. म्हणून मधनंच बोलतुय."

"पर म्या तर ह्यातलं काय आधी बघितलंच न्हाय!"

"तुमी न्हाय वो. दुसऱ्या फोनवर कोणतरी बघतंय. खातं एकच हाय ना दोन्हीत. तुमीच म्हणला हुता, एकच घाल."

काढ्याचं रिकामं पातेलं, डोक्यावरून घेतलेलं पाणी, दवाखान्यात जावा म्हणत्यात ते खरं असतंय का आत्या. सगळं शकुबाईच्या डोक्यात एकाखाली एक येऊन बसलं. आणि खरं सांगायचं तर तिला आधी राग आला. भयंकर राग. माझ्या घरात, माझ्या नाकाखाली, मला न विचारता! दोघांनी मिळून! दीपक्या येऊ दे घरी, त्याची बी बघते. तिनं तिथंच, दुकानात, सुनेला फोन लावला. काय बोलायचं ते ओठावर तयार होतं, आणि ते चांगलं नव्हतं.

रिंग गेली. जात राहिली. बंद झाली.

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"पाजत असंल," ती म्हणाली, पण आवाजातला तिखटपणा गेला होता. "बाबा, हिनं आज काय बघितलंय का, ते दिसतं का रं ह्यात?"

ऋतिकनं पडदा खाली ओढून सोडला. एक गोल चक्र फिरलं आणि वर नवा व्हिडिओ आला. तोच टक्कलवाला डॉक्टर. चित्रावर मोठ्या अक्षरात: पोटातली कळ खांद्यात जाते का? लाल रेघ बरोबर अर्ध्यावर येऊन थांबलेली.

"हे आत्ताचंच हाय, काकू."

उलट्या खांद्यावर ठेवलेला हात शकुबाईला दिसला. तेल कोमट करून चोळू दोघींचं, असं आपणच म्हणालो.

पिशवी तिथंच राहिली. ऋतिक मागून ओरडला, मी रुग्णवाहिकेला फोन लावतो, पत्ता सांगा. वस्तीचा पत्ता! उसाच्या कुठल्या फडातून आत वळायचं हे सांगायला शकुबाई थांबली नाही. "शेळगाव, मानसिंगरावांची वस्ती म्हण, कुणी बी दावंल," म्हणत ती धावत सुटली, आणि निघायच्या बेतात असलेल्या वडापच्या जीपमध्ये घुसली. "गाडी सोड आधी, भरायची वाट बघू नगंस. माझी सून..." ड्रायव्हरनं तोंड बघितलं आणि गाडी काढली.

ती सुनेला फोन लावत राहिली. कुणी उचलत नव्हतं. मग तिला ऋतिकचं बोट आठवलं. तिनं पडदा खाली ओढला, सोडला. चक्र फिरलं.

बाळगाणं आलं. चांदोबाचं. खाली लाल रेघ, पार कडेपर्यंत.

"हाय!" ती एवढ्यानं ओरडली की जीपमधली माणसं दचकली. "हाय माझी पोरगी. बाळाला गाणं लावून दिलंय बघा." डोळे पुसले. हात जोडले. पुन्हा ओढलं. दुसरं गाणं, चिऊताईचं, तेही पूर्ण. पुन्हा ओढलं. तिसरं, हत्तीचं. एकामागून एक येतच होती, आणि प्रत्येक गाण्यागणिक शकुबाईचा श्वास जरा खाली बसत होता. बाळाला खेळवतीय. म्हणूनच फोन घेत नसंल. गाणं चालू असताना फोन आला की बाळ रडतं, म्हणून नुसती वाजू देतीय. एवढी काही ती...

आणि मग तिला रोजची दुपार आठवली. बाळ गाणं बघता बघता झोपायचं, शेजारी स्वरूपाचाही डोळा लागायचा, आणि फोन आपला एकटाच गात बसायचा. एक संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, कुणी हात न लावता. शकुबाईच रोज आत जाऊन तो बंद करायची आणि चार्जिंगच्या नावानं बोटं मोडायची.

तिनं पडदा ओढायचं थांबवलं.

मग तिनं तो डॉक्टरचा व्हिडिओ दाबला. रेघेच्या पुढचं सुरू झालं. जे ऐकायच्या आधी बाळ रडलं असणार, आणि पोरीनं ते बंद करून त्याला चांदोबाचं गाणं लावून दिलं असणार, ते. "...गर्भ पिशवीत न राहता नळीत राहिला असेल तर गोळ्यांचा उपयोग होत नाही. नळी फुटते, रक्त पोटात साठतं, बाहेर दिसत नाही. ताई, तुम्हाला असं होत असेल तर हा व्हिडिओ इथंच बंद करा. घरात जे कोणी असेल त्याला सांगा. सासूला सांगा, शेजारणीला सांगा, लाजू नका. आणि लगेच मोठ्या दवाखान्यात..."

सासूला सांगा. शकुबाईच्या तोंडातून हुंदका फुटला.

शेजारीण. वस्तीच्या जवळ माणूस एकच, सारजा. तिचा नंबर होता, बचत गटामुळं. शकुबाईनं लावला. रिंग वाजली आणि पलीकडून कापली गेली. पुन्हा लावला, पुन्हा कापली. का नाही कापणार? कुठल्या तोंडानं उचलावा तिनं? शकुबाईनं मग गटाचा ग्रुप उघडला, तिथं सगळ्या बायका होत्या, त्या दिवशी हसलेल्या सगळ्या, आणि माईकचं बटण दाबून बोलली. "सारजे, मी शकुबाई. तुज्या पाया पडते. माझ्या घरला पळ. स्वरूपाला दिवस गेलं हुतं, तिनं माज्या भ्यानं लपवलं. ती आत पडली असंल. तुजी गाडी काढ. मला जोड्यानं मार पर आत्ता पळ गं बाई." ज्या गोष्टीला तिच्या सुनेनं जिवापलीकडं जपलं ती तिनं एका दमात सगळ्या गावाला सांगून टाकली, आणि दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

निमगाव केतकीच्या पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन दोन, लोंबणाऱ्या शेंड्यांसकट, सगळा रस्ता अडवून. पुढच्या ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी चाललेली. जीपचा हॉर्न कुणाच्या कानात शिरेना. शकुबाई खिडकीतून अंग बाहेर काढून शिव्या देत होती, आणि शिव्या देता देता रडत होती. फोन हातात होता. तिनं तो बघितला नाही. त्यावर अजून एखादं गाणं येऊन बसलं असेल तर ते तिला बघायचं नव्हतं.

समोरून एक गाडी भर उन्हात दिवे लावून, हॉर्नवरचं बोट न काढता येत होती. ट्रॉल्यांच्या बाजूनं खाली मातीत उतरून पुन्हा वर आली. पांढरी पिकअप. शकुबाई चालत्या जीपमधून उतरली, पडली, उठली आणि रस्त्याच्या मधे हात पसरून उभी राहिली.

पिकअप थांबली. सारजाचा नवरा स्टेअरिंगवर, शेजारच्या सीटवर सारजाचं पहिलं पोर आणि त्याला चिकटून ऋषिराज, डोळे रडून सुजलेले. मागं, माल न्यायच्या हौद्यात, पोत्यांवर गोधडी अंथरून स्वरूपाला निजवलं होतं. डोकं अवघडलेल्या सारजाच्या मांडीवर. तोंडावर रक्ताचा टिपूस नाही, ओठ पिठासारखे. शकुबाई चाकावर पाय देऊन वर चढली. सारजानं तिच्याकडं बघितलं. बाजूला सरकली आणि सुनेचं डोकं उचलून सासूच्या मांडीवर दिलं.

"चल गं सारजे, चल म्हण त्याला, बारामतीला न्यायचं का हितंच..."

"आदी इंदापूर," सारजा म्हणाली. "तितवर तरी..."

गाडी हलली. शकुबाईनं सुनेचे हात हातात घेतले. थंडगार होते, नखं पांढरीफटक. "पोरी, ए पोरी, डोळं उघड. बघ मी आले. स्वरूपा!" तिनं गालावर थापटलं. पापण्या हलल्या. डोळे अर्धे उघडले, पण ते हौद्याच्या पत्र्यावरून, उसाच्या तुऱ्यांवरून फिरत राहिले, कुणावर टिकले नाहीत. ओठ हलले. शकुबाईनं कान तोंडाशी नेला.

"सारजाताई..."

"व्हय गं, बोल," सारजा वाकून म्हणाली.

"आत्यांस्नी सांगू नका."

शकुबाईनं पदर तोंडात कोंबला. मग काढला. उभ्या जन्मात कधी लागला नव्हता असा बारीक आवाज तिनं लावला, सारजासारखा.

"न्हाय सांगत, बाई," ती म्हणाली. "न्हाय सांगत कुणाला. तू नुसती डोळं उघडं ठिव."